नाव घ्यायची जागा

काळे वाटाणे परातीत अर्धे निवडून झाले होते आणि अर्धे अजून पुडीतच होते, तेवढ्यात सुलक्षणाचा फोन वाजला. बुधवारची दिवेलागण. खालच्या घरात कुणीतरी उद्याच्या गुरुवारसाठी तांब्याचा कलश चिंचेने घासत होतं. मार्गशीर्षातले गुरुवार, मुलुंडच्या त्या जुन्या बिल्डिंगीत घरोघर लक्ष्मी मांडायची. परबांच्या दाराला मात्र वर्षभर तोरण लागलं नव्हतं. सुलक्षणाचे बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. उद्याच्या वद्य पंचमीला त्यांचं वर्षश्राद्ध. ते पार पडलं की मग घरात सणवार.

फोनवर मिहिर होता. तो सुलक्षणाचा साहेब, पण वयाने तिच्याहून बराच लहान. म्हणून तो तिला ताई म्हणतो आणि ती त्याला सर म्हणते.

"ताई, तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या मशीनचं नाव 'टेस्ट' येतंय," तो म्हणाला. "एक नेटवर्कमध्ये घेतलं की आधीचं बाहेर पडतंय. परवा सकाळी माणसं बसणार आहेत तिथे. वाट लागेल आपली."

सुलक्षणाने परात बाजूला सारली, गाउनला हात पुसले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

तिचं काम सांगायला सोपं, करायला जीव काढणारं. पवईच्या एका विम्याच्या ऑफिसात ती ठेकेदाराकडून लागलेली. कॉम्प्युटरवर सिस्टिम घालायची, बिघडलं तर परत घालायची. पूर्वी एकेका मशीनपाशी सीडी घेऊन बसावं लागे. आता चालू करताना एक कळ दाबली की पुढचं सगळं नेटवर्कवरून आपसूक उतरतं. पण उतरलेली सिस्टिम म्हणजे बिल्डरने चावी दिलेला कोरा ब्लॉक. भिंती आहेत, नळ आहे. गॅस नाही, दूधवाल्याला पत्ता नाही, दारावर पाटी नाही. ती मांडामांड करायला सगळ्यात शेवटी एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला ओळीने लिहून दिलेली कामांची यादी, चालते. ती प्रिंटर जोडते, ऑफिसचे प्रोग्राम घालते, नको ते काढून टाकते, आणि या सगळ्याच्या आधी मशीनला नाव देते. ही स्क्रिप्ट सुलक्षणाने लिहिलेली. समोर कुणी बसलेलं नसतानाही सगळं मुकाट्याने व्हावं, एवढ्यासाठीच तिचा जन्म.

चूक सापडायला वेळ लागला नाही. मागच्या आठवड्यात एका मशीनवर करून बघताना तिने नावाच्या जागी 'टेस्ट' लिहिलं होतं. तिथे खरं तर मशीनने आपल्या अंगावरचा नंबर वाचून तोच नाव म्हणून घ्यायचा. ती ओळ परत घालायची राहून गेली. स्क्रिप्ट काय, दिलं तेवढं वाचत गेली आणि मजलाभर एकच पाटी ठोकत गेली. आता सगळी मशीन पहिल्यापासून करायला हवीत, आणि ती उद्याच.

"आपसूक होता मगे तुका कित्याक जावचा लागता?" जानकीबाईंनी विचारलं. सुलक्षणाच्या आईचा हा नेहमीचा प्रश्न. रविवारी जायचं असलं की विचारायचा, उशीर झाला की विचारायचा. त्याला उत्तर देणं मुलीने कधीच सोडून दिलं होतं. जानकीबाईंनी परात स्वतःपुढे ओढली.

"राहू दे गं, मी करते," सुलक्षणा म्हणाली.

"तू दमलंस. माका दिसतत तितके निवडतंय."

त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. वाटाणा काळा आणि खडाही काळा. पण सुलक्षणाच्या अंगात वाद घालायचं बळ नव्हतं. तिने मान लॅपटॉपमध्ये घातली.

उद्याची रजा तिने आधीच मागितली होती आणि मिहिरने ती नाकारली नव्हती. त्याने फक्त विचारलं होतं, माणसं बसायच्या आदल्या दिवशी तुम्ही नसलात तर मजला कोण बघणार? तिने रजा मागे घेतली. नाक्यावरच्या गणपतीच्या देवळातल्या गुरुजींना तिने, आपण नसताना श्राद्ध होईल का, असंही विचारून पाहिलं होतं. ते म्हणाले, मुलगी एकटीच आहे तर मुलीने करावं, माझी काही हरकत नाही. पण करणारं माणूस पाटावर बसायला हवं, तुमच्या जागी मी कुणाला बसवू? मग कुणीतरी सुचवलं म्हणून लांबच्या एका तीर्थक्षेत्रातल्या माणसांशी ठरवलं. मोबाइलवर नाव आणि गोत्र कळवायचं, तिथले गुरुजी सगळं करतात, आपण फोनवर बघायचं. गोत्र घरात कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा अशा वेळी म्हणतात तसं काश्यप लिहिलं. जानकीबाईंना हे पटलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की नाव धड घेतलं जावं. लवू भिकाजी परब. हा माणूस गिरणीत होता तेव्हा त्याला तिकीट नंबराने हाक मारत. गिरणी बंद पडली आणि तो इकडच्या एका टॉवरच्या गेटवर बसला. तिथे सगळे वॉचमन म्हणायचे, आणि ज्यांना संस्कार होते ते वॉचमनकाका. जानकीबाईंनी तर जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तरी शेजारणीला पुढे करायच्या. जिवंतपणी ज्याचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं त्याचं निदान श्राद्धाला तरी पुरतं घ्या, असं त्या दिवाळीपासून म्हणत होत्या. बाकी वडे, खीर आणि काळ्या वाटाण्याची उसळ त्या घरी करणारच होत्या. कावळा काही मोबाइलवर जेवत नाही.

गुरुवारी सुलक्षणाने अंघोळ करून बाबांच्या फोटोपुढे निरांजन लावलं, दोन मिनिटं हात जोडले आणि निघाली. पवईला पोचल्यावर ती रांगेने फिरू लागली. मशीन चालू करायचं, वाकायचं, कळ दाबायची, पुढच्याकडे. प्रदक्षिणा घालावी तसा मजला पालथा घातला, फक्त मध्ये देव नव्हता. पहिल्या मशीनपाशी ती मुद्दाम थांबली. सिस्टिम उतरली, काळ्या चौकोनात पांढऱ्या ओळी भराभर वर सरकू लागल्या आणि नावाच्या जागी त्या मशीनचा स्वतःचा नंबर आला. दुसऱ्यावर दुसरा. बरोबर होतं. तिला आनंद वगैरे काही झाला नाही. गुडघे दुखताहेत एवढंच कळलं.

दुपारी क्षेत्राकडचा फोन लागला. तिने मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. पडद्यावर लहान लहान चौकटी, प्रत्येक चौकटीत एकेक घर. एका चौकटीत जानकीबाई, डोक्यावरून पदर घेतलेल्या, फोनच्या फार जवळ बसल्यामुळे अर्ध्याच दिसणाऱ्या. शेजारच्या गार्गीने त्यांना फोन लावून दिला होता. सगळ्यांचे आवाज तिकडूनच बंद केलेले. मधल्या मोठ्या चौकटीत एक तरुण गुरुजी. मंत्र स्पीकरवरून येत होते, आधी म्हणून ठेवलेले. जिथे नाव यायचं तिथे ध्वनिमुद्रण थोडं थांबे, गुरुजी समोर बघून नाव-गोत्र म्हणत आणि मंत्र पुढे चालू होई. घरामागून घर.

परबांची पाळी आली. मंत्र चालू झाला आणि नावापाशी थांबला. नेमके त्याच वेळी गुरुजी मागे वळून कुणाकडून दर्भ घेत होते. ती जागा तशीच गेली. मंत्र पुढे सरकला. गुरुजींनी वळून पिंडावर पाणी सोडलं, हात जोडले, आणि पुढची चौकट मोठी झाली.

सुलक्षणाला आधी वाटलं, एसीच्या आवाजात आपल्याला ऐकू आलं नसेल. मग आईचा फोन आला.

"ह्यांचा नाव घेतल्यानी?"

"घेतलं असेल गं. आवाज नीट येत नव्हता."

"घेतल्यानी नाय. मी कान देवन बसलंय हंय. जागा इली नि तशीच गेली. मीच घेतलंय असतंय गो. पण माझ्या तोंडात येना नाय."

सुलक्षणाने फोन ठेवला. त्या मुलाचा तिला राग येईना. तो पहाटेपासून मांडी घालून बसला असेल, त्याची पाठ भरून आली असेल, समोर घरांची रांग संपत नसेल. नावाच्या जागी नाव राहून जाणं तिला काही परकं नव्हतं. कालच तिने मजलाभर तेच निस्तरायला घेतलं होतं. समोर मशीन आपापला नंबर वाचत होती. त्या डब्यांना त्यांची नावं मिळावीत म्हणून आपण सकाळपासून वाकतोय, असं तिच्या मनात आलं, आणि ती खुर्चीवरून उठली.

देवळातल्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, अपराह्णकाळ, म्हणजे श्राद्धाची वेळ, अजून आहे, तुम्ही बसत असाल तर मी येतो.

मग ती मिहिरच्या टेबलाशी गेली आणि घरी जायचंय म्हणून सांगितलं.

"हे असं अर्धवट सोडून?"

"हे आपोआप होतं, सर. कुणी नसताना व्हावं म्हणूनच लिहिलंय. तिकडचं नाही होत तसं."

"आणि अडलं तर?"

"अडलं तर अडेल. पाचपर्यंत परत येते."

मिहिर वाईट मुलगा नाही. त्याच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेलं असतं. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "संध्याकाळी विम्याच्या ऑफिसची माणसं बघायला येणार आहेत. काही राहिलेलं दिसलं तर मी तुमचं नाव सांगणार हं, ताई."

"सांगा," ती म्हणाली.

रिक्षा भांडुपवरून मुलुंडला शिरेपर्यंत तिने डोळे मिटून घेतले होते, पण झोप लागली नाही. घरी पोचली तेव्हा गुरुजी येऊन बसले होते आणि जानकीबाईंनी पाट मांडून ठेवला होता. पाय धुऊन ती दक्षिणेकडे तोंड करून बसली. बोटात दर्भाचं पवित्रक, उजव्या खांद्यावर बाबांचंच जुनं उपरणं, पुढ्यात तांब्या, ताम्हण आणि काळे तीळ. गुरुजी एकेक शब्द सुटा करून म्हणत होते आणि ती मागून म्हणत होती. मग ते थांबले.

"आता वडिलांचं नाव. हे तुम्ही घ्या."

नाव आलं, पण ओठांतल्या ओठांत.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आवाज आला, "मोठ्यान घे गो, चेडवा."

"लवू भिकाजी परब," ती म्हणाली. आवाज भिंतीला लागून परत आला. अंगठ्याकडून तिळाचं पाणी ताम्हणात पडलं. गुरुजींनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि आणखी एकदा. प्रत्येक वेळी जानकीबाई खाली बघत होत्या. नवऱ्याचं नाव कानावर आलं की त्या अशाच खाली बघत. पुढे आजोबांचं घेतलं. पणजोबांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजी म्हणाले, त्याची काळजी नको, ज्यांची नावं हरवली त्यांच्यासाठी शास्त्राने वेगळे शब्द ठेवलेत. आणि ते शब्द त्यांनी तिच्याकडून म्हणवून घेतले. तिला ते बरं वाटलं. कुणीतरी आधी एवढा विचार करून ठेवला होता.

कावळ्याने बरीच वाट पाहायला लावली. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवून मायलेकी टाकीच्या सावलीत उभ्या राहिल्या. शेवटी एक आला, इकडेतिकडे मान वळवून त्याने वडा उचलला आणि गेला. जानकीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि जिना उतरू लागल्या.

पाटावर बसून सुलक्षणा चार घास जेवली. उसळीत दाताखाली खडा आला. तिने तो जिभेने बाजूला केला आणि पानाच्या कडेला, भाताखाली, आईला दिसणार नाही असा सरकवला. उसळ चांगली झाली होती, तसं तिने सांगितलंही.

हात धुताना फोन वाजला. मिहिरचा निरोप होता. खिडकीकडची दोन मशीन अडली होती, नंबर सापडत नाही म्हणून तिथेच थांबली होती. बाकीची सगळी झाली होती. सुलक्षणाला कारण कळलं. त्या दोघांचे आतले बोर्ड पावसाळ्यात बदलले होते, आणि नव्या बोर्डावर नंबर कुणी चढवलेलाच नसणार. त्यांना वाचायला अंगावर काही नव्हतं.

"आपसूक होता म्हणत हुतंस मां?" जानकीबाई म्हणाल्या. पण आज त्या टोमण्यात धार नव्हती. त्यांनी दोन वडे डब्यात घातले आणि डबा तिच्या पिशवीत सरकवला. खालच्या घरातून आरतीचा आवाज येत होता; त्या ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की पुढच्या गुरुवारी आपणही मांडूया, कलश माळ्यावर आहे.

"काढते मी," सुलक्षणा म्हणाली. उपरण्याची घडी घालून तिने ते फोटोखाली ठेवलं आणि चपला पायात सरकवल्या. आता पवईला जायचं होतं. खिडकीजवळच्या दोन मशीनना हाताने नावं घालायची होती.