कूलरमध्ये येळवणी

आमच्या आईची एक इच्छा बरीच वर्षं अडून बसली होती. सरांना आपल्या घरी, आपल्या हातची पुरणपोळी खाऊ घालायची.

सर म्हणजे तीर्थपुरीच्या शाळेतले माझे गणिताचे सर. मी गावाकडून सायकलवर शाळेत जायचो आणि डब्यात बहुतेक वेळा भाकरी आणि ठेचा असायचा. मधल्या सुट्टीत सर हाक मारायचे, "ए, तुझा ठेचा इकडं आण. माझी पोळीभाजी घे. मला ठेचा फार आवडतो." मी खूश व्हायचो. वाटायचं, आपल्या आईच्या ठेच्यात काहीतरी खास आहे. सरांना तिखट अजिबात चालत नाही, हे मला पदवीधर झाल्यावर पेढे द्यायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीकडून कळलं. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो त्यात या माणसाने पोटात घेतलेल्या मिरच्या किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "त्यास्नी एकदा गोड जेवू घालायचं. पोटभर."

पण सर हाताला लागायचे नाहीत. नोकरी लागली तेव्हा बोलावलं, तर म्हणाले लग्न होऊ दे. लग्नात गर्दीत जेवले आणि आईला दिसलेच नाहीत. जालन्यात घर बांधलं तेव्हा आले, उभ्याउभ्या अर्धा कप चहा घेतला आणि निघाले. कुणावर आपला भार पडू नये, असा त्यांचा स्वभाव. आता निवृत्त होऊन ते कायमचे पुण्याला मुलाकडे निघाले होते. फोनवर म्हणाले, "रविवारी जालन्यावरून दुपारची गाडी आहे. दहा मिनिटं भेटून जातो."

आई म्हणाली, "धा मिन्टं? येऊ तर द्या."

रविवारी सकाळी तिने हरभऱ्याची डाळ शिजवली, चाळणीत उपसली आणि खाली पातेल्यात येळवणी धरली. येळवणी म्हणजे डाळीचं ते पिवळं, दाटसर पाणी. त्याची आमटी झाली नाही तर पुरणपोळीला आमच्याकडे कुणी जेवण म्हणत नाही. आता डाळीत गूळ घालून पुरण शिजवायचं, एवढ्यात गल्लीतून आवाज आला.

"नळ आले! नळ आले!"

आमच्या भागात पाणी आठवड्यातून एकदा येतं, कधी त्याहून उशिरा. ते त्या दिवशी येणार नव्हतं. पण आलं म्हटल्यावर आमच्या घरात कुणी कुणाचं राहत नाही. आई हातातला गूळ टाकून पाईप धरायला अंगणात पळाली. हौद भरला, ड्रम भरले, बादल्या भरल्या, आणि ती तिकडून ओरडली, "अजून चालूच हाय! काय असंल ते आणा!"

हे वाक्य अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शब्दशः घेतलं. अण्णांनी उभा जन्म शेतात विहिरीचा तळ बघत काढलेला. वाहतं पाणी आणि रिकामं भांडं एका वेळी दिसलं की त्यांना राहवत नाही. त्यांनी कुकर भरला. कढई भरली. परात भरली. डबे भरले, पेले भरले, चहाची गाळणी हातात घेऊन बघितली आणि नाइलाजाने खाली ठेवली. मी वाहून आणत होतो, बायको ओट्यावर लावत होती. नळ गेला तेव्हा स्वयंपाकघरात पाणी धरत नाहीत अशा तीनच वस्तू रिकाम्या राहिल्या होत्या. तवा, उलथनं आणि ती गाळणी. चौथी चाळणी, पण तिच्यात डाळ होती.

आम्ही घामाने भिजून एकमेकांकडे विजयी नजरेने पाहत होतो, तेवढ्यात फाटक वाजलं. सर आले होते.

पांढराशुभ्र शर्ट, हातात पिशवी. मी पाया पडलो. त्यांना मानाच्या खुर्चीवर, कूलरच्या अगदी समोर बसवलं आणि कूलर सुरू केला. बाहेर मे महिन्याचं ऊन तापलेलं.

सरांनी दोनदा नाक वर करून श्वास घेतला. "वा! वहिनी, पुरणाचा काय वास सुटलाय हो! अगदी वाऱ्यावर येतोय."

आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि लगेच थांबलं. पुरण तर अजून चुलीवर चढलंच नव्हतं. ती आत गेली. थोड्या वेळाने आतून दबका आवाज आला.

"आवं, माझी येळवणी कुठंय?"

"कोणती येळवणी?" अण्णा.

"या पातेल्यात व्हती."

"ते गढूळ पाणी? मला वाटलं डाळ धुतलेलं हाय. ते म्या कूलरला ओतलं. पातेलं पायजे व्हतं ना."

"कूलरला?"

"मंग फेकून देऊ का? पाणी कधी वाया घालवत न्हाई मी."

बायको पदर तोंडात कोंबून मागच्या दाराने अंगणात गेली. मी बाहेरच्या खोलीत सरांसमोर बसून, चेहरा सरळ ठेवून, पुण्याच्या हवेबद्दल विचारत होतो. सर उत्तर देत होते आणि मी त्यांच्या शर्टकडे बघत होतो. आमच्या कूलरला वाऱ्याबरोबर थेंब उडवायची खोड आहे. एरवी ते कुणाला कळत नाहीत. पण आई डाळ शिजवताना हळद घालते. सरांच्या छातीवर, बाहीवर, खिशावर बारीक पिवळे ठिपके उमटत चालले होते.

मी उठून कूलर बंद केला.

"का रे? चालू दे की," सर म्हणाले.

अण्णा दारात आले. त्यांना लपवाछपवी जमत नाही. "सर, तुमी आमटीच्या वाऱ्यात बसलात," असं म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सरांनी शर्टकडे पाहिलं. बोटाने एक ठिपका पुसला, तो आणखी पसरला. मग ते हसायला लागले. शाळेत वर्षभरात एखाद्या वेळी हसणारा माणूस, खुर्चीचा हात धरून, डोळे पुसत हसत होता. "अहो, साठी उलटली आणि आता पुन्हा हळद लागली मला!"

आईला मात्र हसू आलं नाही. ती दाराला टेकून उभी होती. "सर, पुरण शिजवायला भांडं न्हाई. समदी भरलीत. आन् तुमी तर निघालात."

"एखादं ओतून द्या ना," मी म्हणालो.

आई आणि अण्णा दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. ओतायचं कुठं? हौद भरलेला, ड्रम भरलेले. झाडांना सकाळीच घातलेलं. अंगण धुतलेलं, माझी गाडी दोनदा धुतलेली. शेजारी विचारलं तर शेजारीण म्हणाली, "आमच्या तर वाट्यासुद्धा भरल्यात, ताई." आणि पाणी नुसतं मोरीत सोडून द्यायचं, हे आमच्या घरात बोलायचीही सोय नाही.

सर विचारात पडले. फळ्यापुढे उभे राहून खडू कानाशी नेत, तसा हात त्यांनी कानाशी नेला. "ओतायचं नाही ना? मग वापरा." त्यांनी शर्टची बटणं सोडली. "हा धुवायला पाणी लागेलच. कढईतलं घ्या. काम झालं आणि कढईही रिकामी झाली."

बनियनवर बसलेल्या सरांकडे बघून आईने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला, पण कढईचं नाव ऐकून तिला जोर आला. अण्णांनी मोरीपाशी बसून सरांचा शर्ट धुवायला घेतला. मी नको म्हणालो तर म्हणाले, "माझी चूक हाय, मला निस्तरू दे." आई आतून भांड्यांची नावं घेऊ लागली.

"कढई झाली? मंग आता मोठं पातेलं आणा."

अण्णांनी शर्ट पातेल्याच्या पाण्यात खळबळला.

"परात!"

शर्ट परातीत गेला.

"कुकर बी लागंल!"

"अगं, हळद कवाच गेली," अण्णा म्हणाले.

"जाऊ द्या ना. एक डाव खळबळा अजून."

बायको दारातून म्हणाली, "मामा, जरा दमानं. सरांना पुण्याला शर्ट घालून जायचाय, जाळी न्हाई."

ते सगळं पाणी अण्णांनी बादलीत धरून ठेवलं, फरशी पुसायला. शर्ट मी गच्चीवर वाळत घातला. खाली पुरण शिजायला लागलं होतं. बायकोने पोळ्या लाटायला घेतल्या. सर आत येऊन, बनियनवरच, ओट्याजवळ स्टूल घेऊन बसले. "मला कुणी असं स्वयंपाकघरात बसूच दिलं नाही कधी," म्हणाले.

आमटी झाली नाही. आईने चारदा माफी मागितली. सर म्हणाले, "वहिनी, आमटी मी अंगावर घेतली की. आता नुसतं दूध-तूप वाढा."

पहिली पोळी त्यांनी सावकाश खाल्ली. दुसरी न विचारता घेतली. तिसरी वाढताना आईने तुपाची वाटी अशी कलंडवली की तूप ताटाच्या कडेला लागलं. मग सरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आता पुरे. गाडीची वेळ झाली. शर्ट बघ रे, वाळला असेल."

मी जिन्याकडे निघालो.

"न्हाई वाळला," आई म्हणाली. ती तव्यापासून हलली नव्हती.

जालन्याच्या मे महिन्यात गच्चीवर टाकलेलं घोंगडं तासाभरात वाळतं. तो शर्ट एव्हाना पापडासारखा कडक झाला असणार, हे मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं. अण्णा छताकडे बघत म्हणाले, "आज हवेत जरा ओल हाय."

"मी बघून येतो," सर उठू लागले.

"बसा सर. वर लई ऊन हाय, पाय भाजतील," आई म्हणाली.

सर अर्धवट उठलेले तसेच थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं. तिच्या हातात उलथन्यावर नुकतीच फुगलेली पोळी होती, वाफ निघत होती.

"यानंतरची गाडी किती वाजता आहे रे?" त्यांनी मला विचारलं, खाली बसले आणि ताट पुढे सरकवलं.