व्हिलनला दोर

बोईसर स्टेशनाबाहेर त्याचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. माणूस मूळचा एडवणचा, मच्छीमाराच्या घरातला. भावाच्या हाती होडी देऊन दुकानात आला, पण गल्ल्यावर बसायचा सुकाणू धरल्यासारखाच. कुठलाही सिनेमा मागा, आधी विचारायचा, "जुना की नवा?" नवा म्हटलं की त्याचं तोंड कडू व्हायचं.

त्या वर्षी एक जुना इंग्रजी मारधाडपट कुणीतरी नव्याने काढला होता. दोन्हींत जगाचा सत्यानाश झालेला आणि पेट्रोलसाठी खुनाखुनी. जुन्यात शेवटी व्हिलनची गाडी वाळवंटात बंद पडते, तेव्हा हिरो तिला दोर बांधून गावापर्यंत ओढत आणतो. नव्यात तो ती बॉम्बने उडवतो.

मी तिथल्या शाळेत शिक्षक. तो मला म्हणाला, "शोभतं का हे, मास्तर? आमी कुनाशी सात पिढ्या भांडू, पन भर दर्यात त्याची होडी बंद पडली तर दोर टाकनारच."

मी मुद्दाम नवा सिनेमा नेला. शेवटी हिरोने बॉम्ब काढला, टीव्हीवर मुंग्या आल्या, आणि एक वेगळाच, टक्कल पडलेला हिरो गाडीला दोर बांधू लागला. पठ्ठ्याने नव्या कॅसेटवर जुना शेवट भरून ठेवला होता!

दुसऱ्या दिवशी भांडायला गेलो, तर कारखान्यातला एक कामगार आधीच ओरडत होता, "भाई, आखिर में हीरो ही बदल गया!"

"बदला नाय, सुधरा," दुकानदार म्हणाला. मग माझ्याकडे वळून त्याने काळजीने विचारलं, "मास्तर, पोचला ना तो व्हिलन गावात? तिथं टेप जरा अडकते."