तवा तापेपर्यंत

जुन्या मालिकांच्या आठवणींनी डोळे ओले करणाऱ्या पुरुषांचा मला राग येतो. त्यातही माझ्या धाकट्या भावाचा सगळ्यात जास्त.

परवाच्या रविवारी तो जयपूरच्या दुसऱ्या टोकाच्या वैशाली नगरहून आमच्या जगतपुऱ्याच्या फ्लॅटवर आला, सोफ्यावर मांडी ठोकून बसला आणि म्हणाला, "ताई, ती आपली अंतराळवाली सीरियल नेटवर सापडली. सगळे भाग आहेत. मतलब, काय दिवस होते गं! आपण सगळे कसे टीव्हीसमोर बसायचो!"

आपण सगळे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबांची विमा कंपनीतून जयपूरला बदली झाली तेव्हा आम्ही दुर्गापुऱ्यात भाड्याने राहायचो. मी तेरा वर्षांची, भाऊ अकराचा. मालिका लागायची नेमकी पोळ्यांच्या वेळेला. बाबा आणि भाऊ टीव्हीसमोर ताटं घेऊन बसायचे आणि बाबांना तव्यावरची पोळी थेट पानात लागायची. आई गॅसवर तवा ठेवून मला सांगायची, "तवा तापेपर्यंत बघ, मग लाटायला ये." तवा तापायला आणि मालिकेच्या सुरुवातीचं संगीत संपायला अगदी सारखा वेळ लागायचा.

त्यामुळे ती सुरुवात मला तोंडपाठ आहे. काळा पडदा. पाण्याची मोटर लांब कुठेतरी चालू असावी तशी घरघर. मग एकेक तारा उजळायचा, प्रत्येक ताऱ्याला एक सूर. सातवा सूर लागला की चंदेरी यान कोपऱ्यातून वळून सरळ आपल्या अंगावर यायचं आणि माझ्या अंगावर काटा उभा राहायचा. यानाचं दार सरकायला लागायचं, आणि आईची हाक यायची.

दाराच्या आत काय होतं ते मी कधीच पाहिलं नाही.

एकदा मी आईला विचारलं, "त्याला का नाही बोलवत?" आई म्हणाली, "तो काय पोळ्या लाटणार?" बाबा बाहेरून हसले आणि म्हणाले, "आज पोळ्या मस्त फुगल्यात हं." ते मनापासून म्हणाले होते, ह्याचाच मला अजून जास्त राग येतो. जेवण झाल्यावर मी भावाला विचारायचे, आज काय झालं? तो म्हणायचा, "विज्ञानाचं आहे, तुला नाही कळणार." हा माणूस पुढे दहावीला विज्ञानात काठावर पास झाला. मी इंजिनिअरिंग कॉलेजात फिजिक्स शिकवते.

आता आई-बाबा नाहीत. कुणी म्हणेल, मग चोर सोडून संन्याशाला सुळी कशाला? पण हा संन्यासी तेव्हा पोळीवर तूप वाढून घेत होता आणि ओरडत होता, "ताई, अजून एक!"

तर त्याने टीव्हीवर पहिला भाग लावला. घरघर सुरू झाली. त्याने रिमोट उचलला. "हे पुढे ढकलू या. गोष्ट सुरू होऊ दे."

"हात लावू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडले की तो दचकला. अख्ख्या मालिकेत माझं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि ते ह्याला पुढे ढकलायचं होतं.

तारे उजळले. सातवा सूर लागला. यान वळलं, अंगावर आलं, दार सरकायला लागलं. आणि मी उभी होते. कुणी हाक मारली नव्हती. पाय आपले आपण उठले होते.

पडद्यावरून नजर न काढता भाऊ म्हणाला, "उठलीच आहेस तर चहा टाक ना."

मी खाली बसले. "तू टाक. दूध फ्रिजमध्ये आहे."

माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला.

दार पूर्ण उघडलं. आत पुठ्ठ्याच्या भिंती होत्या, त्यांवर चांदीचा कागद, दोन खुर्च्या आणि लुकलुकणारे चार दिवे. एवढंच होतं. एवढंसं मला तेव्हा बघू दिलं असतं, एक पोळी करपली असती, तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"ताई, जरा थांबव ना," भाऊ स्वयंपाकघरातून ओरडला. "मला इथून दिसत नाहीये."

मी थांबवलं नाही.