वोनवागनच्या नाकावरचं वजन

आमच्या गॅरेजमध्ये एक वजनकाटा आहे, बाथरूममध्ये ठेवतात तसला, मोठ्या तबकडीचा. त्यावर आजवर कुणी माणूस उभा राहिलेला नाही. एकदा मी सहज चढायला गेले, तर ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मी चपला घालून देवघरात शिरल्यासारखं माझ्याकडे बघितलं. तो काटा वोनवागनचा होता.

वोनवागन म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर. जर्मनीत, वाल्डॉर्फच्या नोकरीत स्थिरावल्यावर ह्यांनी तो जुना विकत घेतला, तेव्हा मी बरीच कुरकुर केली होती. सुट्टी म्हणजे घरच्याहून लहान स्वयंपाकघरात पोळ्या लाटायच्या, असा माझा अंदाज होता आणि तो खरा ठरला. ह्यांना मात्र सुट्टीपेक्षा सामान भरण्यातच जास्त रस. वोनवागनचं नाक गाडीच्या मागच्या हुकावर, कुप्लुंगवर, टेकतं. ते तिथे ठरावीक वजनाने दाबून बसलं पाहिजे. फार दाबलं तर गाडीची पुढची चाकं हलकी होतात. कमी दाबलं तर वोनवागनचं शेपूट रस्त्यावर डोलायला लागतं, आणि एकदा का ते डोलायला लागलं की गाडीलाही बरोबर ओढत नेतं. म्हणून जड सामान मधे, चाकांच्या वर आणि जमिनीलगत. हलकं वरच्या कपाटांत. मागे जवळजवळ काहीच नाही. सगळं भरून झालं की हे नाकाखाली काटा ठेवायचे, काट्यावर लाकडाचा एक ठोकळा उभा करायचे आणि पुढचं छोटं टेकूचं चाक दांडीने फिरवत फिरवत वर घेऊन नाकाचा सगळा भार त्या ठोकळ्यावर सोडायचे. मग गुडघे टेकून, गाल जमिनीला लागेल इतके वाकून काटा वाचायचे. चुकला तर कुकर वीतभर पुढे, नाहीतर लोणच्याची बरणी मागे. जमला की खालूनच आवाज यायचा, "गेनाऊ." बरोबर, अगदी बरोबर, असं म्हणायला त्यांना मराठीत जमलंच नसतं बहुतेक.

मी थट्टा करायचे. "अहो, माझ्या रुखवताकडे तरी एवढं बघितलं होतंत का?"

"रुखवत आउटोबानवर, भरधाव हायवेवर न्यायचं नव्हतं," हे म्हणायचे.

मग त्यांचा डावा हात थरथरायला लागला. आधी फक्त चहाच्या कपाबरोबर, मग नुसताच मांडीवर ठेवलेला असतानाही. डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, काही दिवस बरं वाटलं, आणि त्यानंतरच्या एका भेटीत डॉक्टर म्हणाले की आता गाडी चालवू नका. येताना गाडी मी चालवली. हे रस्ताभर बाहेरच्या शेतांकडे बघत होते.

मुलगी बर्लिनला असते. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. ती फोनवर म्हणाली, "पापा, फरकाउफ्ट दास डिंग डोख." विकून टाका म्हणे ते. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. तिचं चुकलं नव्हतं. पण पाठमोरे उभे असलेले हे मला बघवेनात, आणि मी ठरवलं की वोनवागन ओढायला आपण शिकायचं.

ज्या वयात माझ्या मैत्रिणी गुडघ्यांना तेल लावत बसतात, त्या वयात मी फारशूलेत, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन मोठा ट्रेलर ओढायचा परवाना काढला. शिकवणारा माझ्या मुलीपेक्षा लहान होता आणि माझ्या प्रत्येक चुकीला "जा, जा", म्हणजे हो, हो, म्हणत मान डोलवायचा, त्यामुळे नेमकं चुकलं की जमलं ते कळायचं नाही. खरं शिकवलं ह्यांनी, शेजारच्या सीटवर बसून. मधला आरसा छताकडे वळवून ठेव, त्यात वोनवागनच्या पत्र्याशिवाय काही दिसणार नाही, बाजूच्या आरशांत बघ. शेपूट डोलायला लागलंच तर स्टिअरिंग सरळ धर, त्याच्याशी भांडू नकोस, अ‍ॅक्सिलरेटर सोड आणि ब्रेक लाव. हे इतक्या वेळा सांगायचे की मी चिडायचे.

आमचं न बोलता ठरून गेलं होतं. चालवायचं मी, भरायचं आणि तोलायचं त्यांनी. घरातलं एकेक काम त्यांच्या हातून सुटत चाललं होतं. शर्टाची बटणं गेली, दाढी गेली, कांदा चिरणं गेलं. तोलणं तेवढं उरलं होतं, आणि ते शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहावं असा माझा हट्ट होता. काट्यावरचा आकडा मला वाचता येत नव्हता असं नाही. मी वाचत नव्हते. ते उठताना मी हात द्यायचे आणि "गेनाऊ" ऐकायचे, एवढंच माझं काम.

गेल्या उन्हाळ्यात वन्सं आल्या, नाशिकहून. ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे ह्यांना त्यांनीच न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. ह्यांनी त्यांना फोनवर एवढंच सांगितलं होतं की हात जरा थरथरतो. व्हिडिओ कॉलवर डावा हात कधी दिसणार नाही असे बसायचे. वन्सं आल्यावर तो हात खिशात गेला आणि जेवतानासुद्धा मांडीवर दडून राहिला. बहिणीला सगळं दिसत होतं. पण भाऊ लपवतोय म्हटल्यावर त्याही न दिसल्यासारखं करत होत्या. दोघं एकमेकांना इतकं जपत होती की घरात माझा जीव घुसमटायचा.

त्यांना जर्मनीचा समुद्र दाखवायचा ठरला. निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी सामान भरलं. मी उचलायचं, त्यांनी जागा सांगायची. तांदळाची गोणी, कणीक, डाळी, नारळ, कुकर, आणि वन्संनी नाशिकहून जिवापाड सांभाळून आणलेला दगडी खलबत्ता, हे सगळं मधल्या बाकाच्या पोटात. वन्सं शेजारणीशी खाणाखुणांनी बोलत होत्या तेवढ्यात हे खाली वाकले, काटा वाचला, "गेनाऊ" म्हणाले, आणि त्या वळायच्या आत मी त्यांना उभं केलं. मग आम्ही वोनवागन गाडीला जोडून ठेवला.

सकाळी मी घर बंद करत होते. खिडक्या, गॅस, कुंड्यांना पाणी. वन्सं आंघोळ करून, देवाची डबी घेऊन वोनवागनमध्ये गेल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्या बाकात अन्न भरलंय, त्याच्या पलीकडच्या पातळ भिंतीला लागून संडास आहे. अन्नाशेजारी संडास त्यांना चालणं शक्यच नव्हतं. त्यांनी सगळं धान्य, कुकर, खलबत्ता, एकेक करून मागच्या पलंगाखाली नेऊन ठेवलं, अगदी शेपटाच्या टोकाला, आणि त्यावर देवाची डबी. मी कुलूप लावून आले तेव्हा हे गाडीपाशी उभे होते. म्हणाले, "आल्झो, चला तर, निघू या."

कासेलच्या आसपास आउटोबान डोंगरांतून जातो. लांबच लांब उतार, वर राखाडी आभाळ, भुरभुर पाऊस. वन्सं मागच्या सीटवर हळू आवाजात स्तोत्र म्हणत होत्या. एका उतारावर डावीकडून मोठी बस पुढे गेली, तिच्या वाऱ्याने वोनवागन ढकलल्यासारखा झाला, आणि नेहमीसारखा स्थिर होण्याऐवजी परत फिरला. बाजूच्या आरशात तो एकदा दिसायचा, एकदा नाहीसा व्हायचा. गाडीची मागची बाजू हलायला लागली. मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं. तेवढ्यात ह्यांचा डावा हात आला आणि त्याने स्टिअरिंग पकडलं. तो थरथरणारा हात. चाक माझ्या हातात कापायला लागलं.

"हात काढा," मी म्हणाले.

मी ओरडले नव्हते. हाताखालच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले. त्यांनी हात काढला. मी ब्रेक दाबला, वेग उतरला, शेपूट आणखी एकदोनदा फिरलं आणि मागे नीट सरळ चालायला लागलं. वन्संचं स्तोत्र अर्ध्यावर थांबलं होतं. पुढचा रास्टप्लाट्स, म्हणजे हायवेलगतची थांबायची जागा, येताच मी गाडी आत घेतली. पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच म्हणेन. त्यात मला काही शंका नाही, पण तो आवाज माझ्या कानांतून जात नाही.

थांबल्यावर मी वोनवागन उघडला. मागच्या पलंगाखाली अख्खं वाणसामान. माझ्या मागून वन्सं आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ते संडासाला लागून होतं ना, म्हणून मीच हलवलं. काही चुकलं का?"

मी बाहेर आले. हे अजून गाडीतच बसून होते. मी दार उघडून वाकले तर हळूच म्हणाले, "मी बघितलं होतं."

"काय?"

"ती हलवत होती ते. गाडीची मागची बाजूसुद्धा उचलल्यासारखी दिसली मला."

"मग बोलला का नाहीत?"

"परत तोलावं लागलं असतं." ते समोर काचेकडे बघत होते. "तिच्यासमोर मी गुडघ्यावर बसणार, आणि उठताना तू हात देणार. नको वाटलं."

मला राग आला. तिघांचे जीव गेले असते या एका नको वाटण्यापायी. मग वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून परत राग आला. मी दार लोटलं आणि वोनवागनमध्ये गेले. वन्सं तांदळाची गोणी ओढत बाकाकडे आणत होत्या. त्यांनी ती संडासाच्या भिंतीला लावून ठेवली, मग कणीक, मग डाळी. खलबत्ता पोटाशी धरून आणला. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. शेवटी देवाची डबी उचलून म्हणाल्या, "ही मांडीवर घेते मी." त्यांचे डोळे भरले होते. त्यांना किती ऐकू गेलं होतं, मी विचारलं नाही.

वोनवागन सोडवून मी बरोबर घेतलेला काटा नाकाखाली ठेवला, ठोकळा उभा केला, चाक फिरवलं. मग गाडीपाशी गेले आणि म्हणाले, "अहो, या ना. वाचा."

ते माझ्याकडे बघून हसले. मला ते हसू अजिबात आवडलं नाही.

"तू बघ," ते म्हणाले.

"मला नाही कळत त्यातलं."

"कळतं तुला. तू बघ."

पाऊस होता. मी ओल्या डांबरावर गुडघे टेकले, गाल खाली नेला आणि वाचलं. काटा हवा तिथेच होता. तो एक शब्द मला माझ्या तोंडाने म्हणवेना. शेवटी गाडीला धरून उठले.

सगळं परत जोडून झालं तेव्हा हे पुढच्या सीटवरून उतरून मागचं दार उघडत होते.

"इथे बसतो. पाय मोकळे होतात," ते म्हणाले. बहिणीला म्हणाले, "तू पुढे बस, तुला रस्ता दिसेल."

वन्सं देवाची डबी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी पट्टा लावला, बाजूचे आरसे बघितले. मग छताकडे वळवून ठेवलेला मधला आरसा खाली ओढला. त्यात पत्र्यापुढे हे दिसले. ते खिडकीबाहेर बघत होते, दोन्ही हात मांडीखाली घालून.