जिनांच्या मधल्या फळ्या

मी मराठी चौथी पास होते. आमच्या रांगेत अक्षरं आणि घड्याळ वाचणारी बाई माझ्याशिवाय दुसरी नव्हती. पुढे जे घडलं त्याची सुरुवात तिथून झाली.

माझे वडील धुळ्याला शाळेत शिपाई होते, म्हणून मला चार यत्ता मिळाल्या. लग्न होऊन धरणगावला आले ते पहिली लढाई संपून दोन-चार वर्षं झाल्यावर. नवरा जिनिंगच्या कारखान्यात रुईच्या गाठी बांधायच्या बाजूला होता. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला तशी सासू म्हणाली, घरात दोघी कशाला, तू पण जा. आणि मी जिनावर बसले.

जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये ओट्यावर बारा जिनांची एक रांग, समोर तशीच दुसरी. खालून एक लोखंडी दांडा फिरायचा आणि पट्ट्यांवर सगळी जिनं चालायची. प्रत्येकावर एक बाई. शेजारच्या ढिगातला कापूस मुठीमुठीनं रुळाच्या तोंडाशी द्यायचा. सरकी खाली गळायची, रुई पुढे पडायची. आवाज इतका की शेजारणीशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. संध्याकाळी बाहेर पडलो की सगळ्याजणी म्हाताऱ्या दिसायच्या, केसांवर, भुवयांवर पांढरी रुई.

माझ्या डावीकडे एरंडोलवाली बसे. माहेर एरंडोलचं म्हणून सगळ्या तिला तसंच म्हणायच्या. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, काळीसावळी, हात विजेसारखा. पहिल्या दिवशी माझी बोटं रुळाजवळ जाईनात. ती माझ्या कानाशी ओरडली, "कितली हळू घालस वं! कापूसले घाबरस का?" आणि आपलं जिन चालवता चालवता माझ्याही जिनात मूठ टाकायला लागली. आठ दिवस तिनं दोन जिनं चालवली म्हटलं तरी चालेल.

तसा रिवाजच होता. रुई मोजली जायची ती सबंध रांगेची एकत्र. कोणी मंद, कोणी चलाख, सगळं एका काट्यावर. त्यामुळे एखादी आजारी असली की तिच्या दोन्ही बाजूच्या तिला सांभाळून घेत. रांगेवर एक मुकादमीण होती, तिला सगळे अक्का म्हणत. अक्का नगरकडची, दुष्काळात पोटासाठी इकडे आलेली. तिला वाचता येत नव्हतं. पण कुठलं पोर कुणाचं, कुणाला कितवा महिना, कुणाचा नवरा मारतो, हे सगळं तिच्या डोक्यात असे. शेडबाहेर लिंबाच्या फांद्यांना अंगावरच्या पोरांच्या झोळ्या बांधलेल्या असायच्या. पोर रडलं की ते आवाजात आम्हाला ऐकू येत नसे. अक्का दारातून हात वर करी आणि बोटानं खूण करी. ती बाई उठून जाई, शेजारच्या दोघी हात लांबवून तिचं जिन चालवीत. पाजून ती परत येई. काट्यावर फरक दिसत नसे.

अक्का आणखी एक काम करायची. दिवसातून दोनदा झोळ्यांवरून फिरायची, आणि पोर फार शांत झोपलेलं दिसलं की त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. पोर गप्प राहावं म्हणून अफू चाटवायची सवय तेव्हा घरोघर होती. अक्काला वास आला तर ती त्या आईला दारात उभी करून सगळ्यांदेखत शिव्या द्यायची. म्हणून आमच्या रांगेत कोणी अफू देत नसे. हे तिला कोणी नेमून दिलेलं काम नव्हतं.

माझ्या दुसऱ्या हंगामात नवे मॅनेजर आले. तरुण होते, मुंबईत शिकलेले. त्यांच्याबद्दल वाईट बोलणं मला आजही जमत नाही. त्यांनी आल्या आल्या पिण्याच्या पाण्याचे नवे रांजण ठेवले, पट्ट्यांना जाळी बसवली. आधी दर साल कुणाचं तरी लुगडं पट्ट्यात जायचं, ते थांबलं. आठ-दहा दिवस ते शेडमध्ये नुसते उभे राहून बघत होते. मग त्यांनी मला कचेरीत बोलावलं.

"तुम्हाला घड्याळ वाचता येतं?"

"येतं साहेब."

"एक बाई उठली की तीन जिनं सैल पडतात, हे तुमच्या लक्षात आलं का?"

मला ते तसं कधी दिसलं नव्हतं. पण त्यांनी कागदावर रेघा काढून दाखवलं तेव्हा पटलं. खरं सांगायचं तर, कोणी मला 'तुम्ही' म्हणून विचारतंय, कागद दाखवतंय, याचंच मला अप्रूप वाटलं.

आठवड्याभरात सुतार आले. दोन जिनांच्या मधे माणूसभर उंचीच्या फळ्या उभ्या राहिल्या. प्रत्येक जिनावर आकडा रंगवला. रुई आता जिनागणिक वेगळी काट्यावर जाऊ लागली. दाराशी मोठी काळी पाटी टांगली, तिच्यावर रोज संध्याकाळी आमच्या बारा जिनांचे आकडे खडूनं लिहायचे, जास्त रुईचा सगळ्यांत वर. भिंतीवर घड्याळ आलं. जागेवरून उठायचं ते ठरल्या दोन वेळांना, सकाळी एकदा, दुपारी एकदा, भोंगा झाल्यावर. मधे उठायचं तर मुकादमिणीची परवानगी हवी. आणि मुकादमीण मी.

अक्काला आवारात किडका, कवडी कापूस निवडायला बसवलं. तिनं खांद्यावरचं फडकं काढून झटकलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. "नाकावर बांधत जा," म्हणाली, "दिवसभर उभं राहायचं म्हणजे रुई फार जाते छातीत."

पहिला महिना सगळ्यांना मजा वाटली. संध्याकाळी पाटीभोवती गर्दी व्हायची. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या मला विचारायच्या, माझा आकडा वर की खाली? हळूहळू त्या एकमेकींना विचारेनाशा झाल्या. सुटीत शेजारणीच्या ढिगातला चांगला कापूस कोणी आपल्याकडे ओढू लागली. एकीच्या बोटाला रूळ चाटून गेला तर शेजारणीला दुपारच्या सुटीत कळलं. फळीआड काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी मान वळवायला फुरसत नव्हती. रांगेची रुई मात्र वाढली. साहेबांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

एरंडोलवालीला त्या हंगामात सहा-सात महिन्यांची मुलगी होती. गोबरी, मोठ्या डोळ्यांची. इतका चलाख हात, पण पाटीवर तिचा आकडा खालून पहिला. ती मधेच उठायची म्हणून. सुरुवातीला ती फळीआडून डोकं काढून मला खुणावायची. मी जवळ गेले की म्हणायची, "जाऊ का वं? पोर रडी ऱ्हायनी."

पहिल्या काही वेळा मी जा म्हटलं. मग इतर बायका बोलू लागल्या, ती तुझी मैत्रीण म्हणून का? साहेबही एकदा पाटीकडे बघून म्हणाले, "हे सहा नंबरचं जिन खराब आहे का?" जिन खराब नव्हतं. मला शरम वाटली, जणू माझंच नाव खाली लिहिलं होतं.

त्यानंतर एक दिवस तिनं विचारलं आणि मी घड्याळाकडे पाहिलं. भोंग्याला वीस मिनिटं होती. "वीसच मिनिटं राहिलीत," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चोळीवर पुढून दोन ओले डाग होते. मला वाटलं घाम. मी तिला खूण केली, पदर नीट घे. तिनं पदर घेतला आणि मूठ कापसात घातली.

मला तेव्हा मूल नव्हतं. दूध भरून आल्यावर बाईच्या अंगाचं काय होतं, पोर न दिसता नुसत्या त्याच्या आठवणीनं चोळी कशी भिजते, हे मला तीन वर्षांनी माझी मुलगी झाली तेव्हा कळलं. त्या दिवशी मी मुलीला खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून बसले होते. सासूला वाटलं, बाळंतवात झाला.

त्यानंतर एरंडोलवाली मधे उठायचं विचारेनाशी झाली. तिचा आकडा वर चढला. आठव्यावर, मग पाचव्यावर. मला बरं वाटलं. शिस्त लागली की माणूस सुधारतं, असं मी घरी नवऱ्याला सांगितल्याचं आठवतं. तिची मुलगी आता रडत का नाही, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. झोळ्यांकडे बघणं माझ्या कामात नव्हतं. माझ्या कामात घड्याळ होतं, पाटी होती.

माघ संपत आला होता. दुपारचा भोंगा झाला, बायका झोळ्यांकडे गेल्या, पाजून एकेक करून जागेवर आल्या. सहा नंबरचं जिन रिकामं फिरत होतं. मी दारात गेले. लिंबाखाली एरंडोलवाली पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती, तिच्या पाठीवर थापटत होती. मग तिनं तिला पुढे धरलं. पोरीची मान मागे गेली. एरंडोलवालीचं तोंड उघडलेलं मला दिसलं, पण आवाज आला नाही. आत चोवीस जिनं चालत होती.

मी घड्याळाकडे पाहिलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे ते पोर होतं आणि मी मान वळवून घड्याळाकडे पाहिलं, भोंगा होऊन किती वेळ झाला ते.

कापसाच्या ढिगावरून अक्का उठली. तिच्या वयाची बाई इतकं पळताना मी पाहिली नव्हती. ती पोरीकडे गेली नाही, सरळ इंजिनघरात घुसली. दोन क्षणांत दांडा मंदावला, पट्टे लोंबले, आणि सगळं थांबलं. त्या शांततेत पहिल्यांदा ऐकू आलं,

"मनी पोर उठत नही वं! कोन्ही दखा वं, मनी पोर उठत नही!"

बायका फळ्यांआडून बाहेर आल्या. अक्कानं पोरीला मांडीवर घेतलं, तोंडाचा वास घेतला, तळवे चोळले, कांदा फोडून नाकाशी धरला. कोणी डॉक्टरकडे पळालं. डॉक्टर आले तेव्हा अक्का अजून तळवे चोळतच होती. त्यांनी तिचा हात धरून थांबवला.

साहेब आले. डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. सगळ्यांना विचारलं, "हे अफूचं मला कोणी सांगितलं का नाही?" ते खरंच विचारत होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला वाटलं होतं ते माझ्याकडे बघतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतार बोलावून सगळ्या फळ्या काढवल्या. पाटीही उतरवली. रुई पुन्हा रांगेची एकत्र काट्यावर जाऊ लागली. अक्काला परत बोलावलं, पण ती आली नाही. मधे काही राहिलं नव्हतं, हात लांबवला की शेजारचं जिन हाताला लागत होतं. तरी एखादी उठली की तिचं जिन रिकामं फिरे. दोन्हीकडच्या आपापल्या रुळाकडे बघत राहत. मी सांगून पाहिलं. एकदा मी स्वतः जाऊन एकीच्या जागी बसले, तर ती बाई घाईघाईनं परत आली आणि म्हणाली, "राहू द्या, माझं मी बघते."

मी एरंडोलवालीच्या घरी गेले होते. तिच्या सासूनं दारातच सांगितलं, निजलीय. आतून चुलीवर फुंकणीनं फुंकल्याचा आवाज येत होता. मी ओट्यावर बराच वेळ बसले आणि निघून आले.

बाराव्या-तेराव्या दिवशी ती कामाला आली. माझ्यापुढे उभी राहिली. "सांगा, कोठे बसू?"

ती मला कायम 'तू' म्हणायची. मी तिला सहा नंबर सोडून दुसरं जिन दाखवलं. हंगाम संपेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. भांडली असती तर मी पाय धरले असते. ती एकदाही भांडली नाही. पुढच्या दिवाळीनंतर ती आलीच नाही. नवरा-बायको रावेरकडे केळीच्या कामाला गेल्याचं कळलं.

मी आणखी दोन हंगाम मुकादमीण राहिले. घरात गरज होती, एवढंच सांगते. त्याच काळात अक्का आजारी पडली. मी रोज तिला भाकरी घेऊन जायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, "अक्का, मी तिला जा म्हटलं असतं तर?"

ती खोकत उठून बसली. "मी काय कोणाला नाही म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली. "चांगलं दहादा म्हटलंय. पण माझं नाही म्हणजे काय, बाया शिवी हासडून उठून जायच्या. तुझं सगळ्यांनी ऐकलं. तेवढंच वाईट झालं बघ."

मला ते सांत्वन वाटलं नाही. त्या पावसाळ्यात अक्का गेली. तिच्यामागे कोणी नव्हतं, रांगेतल्या बायकांनीच तिला न्हाऊ घातलं. मी घागर उचलायला वाकले तेव्हा कोणी मला अडवलं नाही, पण घागर आधीच दुसऱ्या कोणी उचलली होती.

मग आम्ही धुळ्याला आलो. बरीच वर्षं गेली. एकदा चाळीसगावच्या गाडीसाठी स्टेशनवर बसले होते, दोन्ही मुलं बरोबर. थोड्या अंतरावर गाठोड्यावर एक बाई बसलेली दिसली. केस पिकलेले. हातांवरून ओळखलं. गाठोड्याची गाठ ती आवळत होती, हाताचा वेग तोच होता. मी उठून तिच्यापुढे उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

तिनं वर पाहिलं. ओळखलं. डोक्यावर पदर घेतला, शिष्टाचारानं थोडी सरकून मला जागा करून दिली. मी बसले. मग तिनं माझ्या मुलांकडे पाहिलं.

"तुमले कितला पोरं शेतस?"

"दोन," मी म्हटलं.

ती मान हलवत राहिली. गाडी आली, लोक उठले. तिनं गाठोडं काखेत घेतलं, माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"जगोत माय," म्हणाली. "सम्दा जगोत."

आणि पुढच्या डब्यात जाऊन बसली.