सुभेदारांच्या ताटातल्या ऊती

जत्रेच्या दिवशी अख्ख्या बोकडाचं मटण शिल्लक ठेवण्याचा पराक्रम आमच्या घराण्यात एकट्या माझ्या नावावर आहे.

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीचे, सुनीचे, सासरे विहीणबाईंना घेऊन लग्नानंतर पहिल्यांदाच आष्ट्याहून आमच्या रहिमतपूरला जत्रेच्या जेवणाला आले. निवृत्त सुभेदार! वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मला कोपऱ्यात घेतलं.

"पाव्हणं पोटभर जेवून गेलं पायजेत. न्हाईतर सुनीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल."

"आप्पा, पाहुणचार माझ्यावर सोडा!"

(आणि त्यांनी सोडला. चूक त्यांचीही आहेच.)

पंगत बसली. सुभेदारांनी नळी उचलली आणि सहज विचारलं, "मास्तर, कालिजात सध्या काय शिकवताय?"

शिक्षकाला हा प्रश्न विचारू नये!

"ऊती! सारख्या पेशी एकत्र येऊन एकच काम करतात, ती ऊती. शरीरात मुख्य प्रकार चार. तुमच्या हातात आहे ती संयोजी."

"आवं, नळी हाय ही."

"तेच! हाड, चरबी, रक्त, सगळं संयोजीच."

रक्त म्हटल्यावर त्यांनी नळी खाली ठेवली. इतक्या एकाग्रतेने माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मला चेव आला.

"हा लुसलुशीत तुकडा बघा. स्नायू ऊती! तुमच्या मांडीत आहे ना, तीच!"

सुभेदारांनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा मांडीकडे. विहीणबाई वजडीची वाटी हळूच बाजूला सारत होत्या, ती मी उचलून धरली.

"आतड्याचं हे आतलं अस्तर, अभिस्तर ऊती. काल खाल्लेला पाला इथूनच गेला!"

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. आप्पा रश्शाची पळी हलवून मला खुणा करत होते. मला वाटलं, चौथा प्रकार विचारतायत!

"आणि भेजा म्हणजे चेता ऊती! बोकड मालकाला ओळखायचा, तो याच्याच जोरावर!"

तो घास नेमका सुभेदारांच्या तोंडात होता. सीमेवर कधी माघार न घेतलेला माणूस मोरीकडे पळाला. मागोमाग सगळी पंगत उठली. शेवटी त्यांनी नुसता दहीभात मागितला. दह्याबद्दल मी तोंड उघडलं, तोच आप्पांनी त्यात भाकरी कोंबली. दारात सुनी डोळे पुसत होती. तिला बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा आप्पांनी भीतभीतच आष्ट्याला फोन लावला.

"येतो की!" सुभेदार म्हणाले. "फकस्त मास्तरांस्नी पंगतीत आणू नगा."

त्यामुळे जत्रेच्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाला शिट्टी घेऊन पाहुण्यांच्या गाड्या लावत होतो. आत सुभेदारांनी तीनदा मटण मागून घेतलं म्हणे! एका पाहुण्याने काच खाली करून कौतुकाने विचारलं, "झकास लावताय गाड्या! शिक्षाण किती झालंय?"

"जरा जास्तच झालं," मी म्हणालो आणि शिट्टी फुंकली.