पेडल निवडायचे अकरा शनिवार

आमच्या इस्पितळात तिला सगळे टूंबाई म्हणतात. कान तपासायच्या खोलीत ती काम करते. पेशंटला आतल्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि बाहेर काचेपाशी यंत्रासमोर बसून एकेक आवाज सोडायचा. टूं. ऐकू आलं की बटण दाबा. आता जरा बारीक टूं. त्याहून बारीक. जिथं बटण दाबलं जात नाही तिथं कागदावर खूण करायची. बावीस वर्षं ती हेच करतेय. तिच्या दारासमोरच्या खिडकीत मी केसपेपर लिहिते, आणि दुपारचा डबा आम्ही दोघी एकत्र खातो, म्हणून मला हे सगळं माहीत.

तिचं लग्न राहून गेलं. घरी ती आणि वडील. वडील घाऊक बाजारात भाजीचा लिलाव पुकारायचे. आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या गल्लीतली माणसं भाव ऐकून घरून निघायची. नऊ वर्षांपूर्वी ते गोण्यांच्या थप्पीवरून खाली पडले आणि डोक्याला मार बसला. हातपाय सावरले, बोलणं सावरलं, पण एक विचित्र दुखणं मागे राहिलं. त्यांना आवाज सोसेना. ताटलीवर चमचा लागला तरी डोक्यात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. कान गच्च दाबून, डोळे मिटून ते तसेच बसून राहायचे. भोवळही यायची, त्यामुळे त्यांना एकटं सोडायची सोय नव्हती.

बाबांचे कान तिनंच आमच्याकडे आणून तपासले होते. एकही खूण खाली नाही, म्हणजे ऐकणं अगदी नीट. "माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला रिपोर्ट," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

मी तिच्या घरी दोनदाच गेले. खुर्च्यांच्या पायांना जाड लोकर बांधलेली, बिजागऱ्या तेलानं काळ्या झालेल्या, भांडी सगळी प्लॅस्टिकची. घड्याळ कपाटात, टॉवेलात गुंडाळलेलं. बोलायचं ते कुजबुजत. ती शिंकतेसुद्धा उशीत तोंड खुपसून. दिवसा एक आया असते. टूंबाई तीनला पोचली की ती दुसऱ्या घरी कामाला जाते. सुट्टीच्या दिवसांसाठी आणखी दोघींना ठेवून पाहिलं. एकीच्या चपला वाजायच्या, दुसरीचा फोन. बाबांनी दोघींनाही हात जोडले.

अशा घरात पलंगाखाली एक इलेक्ट्रिक गिटार होती. कॉलेजात चौघांचा बँड होता, त्यात ही एकटीच मुलगी. बाकीचे तिघं नोकऱ्यांमागं पांगले. गिटार हिच्याकडे राहिली, आणि तिचा आवाज मोठा करणारा, पितळी कोपऱ्यांचा एक छोटा अ‍ॅम्प. वायर न लावता इलेक्ट्रिक गिटार वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. बाबा झोपले की ती तशीच वाजवायची. आवाज नुसता टिकटिक.

एके दिवशी डबा खाताना ती म्हणाली, "मला गिटारला जोडायचं एक पेडल घ्यायचंय, पायानं दाबायचं. स्वस्तातलं. अ‍ॅम्पला हेडफोन लावायचं भोक आहे, बाबांना काही कळणार नाही."

"पेडल कशाला?"

"आवाज फाडायला." मग माझं तोंड बघून हसली. "स्पीकर फाटल्यावर कसा येतो, तसा. दिवसभर मी स्वच्छ आवाज सोडते गं. घरी तर आवाजच नाही. मला एक फाटका आवाज हवाय, माझा."

तिचा भाऊ ड्रायव्हिंग शिकवतो, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तिनं त्याला शनिवारी चार ते सहा बाबांजवळ बसायची गळ घातली. पेडल घेईपर्यंत. तो कबूल झाला.

दुकान एका इमारतीच्या तळघरात होतं. दुकानदार एके काळचा ड्रमवाला, गोलमटोल, डाव्या कानानं जरा जड. ती तपासणीवालीच, तिनं आत पाऊल टाकताच ओळखलं आणि उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"स्वस्तातलं दाखवा," ती म्हणाली.

"स्वस्तातही दोन जाती आहेत, ताई. ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन." त्यानं दोन पेट्या काउंटरवर ठेवल्या, साबणाच्या वडीपेक्षा थोड्या मोठ्या. "हा ओव्हरड्राइव्ह. तापट माणूस समजा. तुम्ही हळू बोललात तर हळू बोलेल, डिवचलंत तर अंगावर येईल. आणि हा डिस्टॉर्शन. हा घरातूनच ओरडत निघालेला. तुम्ही काय म्हणताय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लावून बघा, ऐकल्याशिवाय कळणार नाही."

त्यानं गिटार हातात दिली. तिनं अ‍ॅम्पचा नॉब एकवर ठेवला. त्यानं तो पाचवर नेला. तिनं एकदाच तारा छेडल्या आणि दचकून पालथ्या हातानं दाबून धरल्या, मान वळवून मागे बघितलं.

"कोण झोपलंय?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

मग तिनं वाजवलं. पाऊण तास. आवाज फरशीतून तळपायात चढत होता, असं ती मला सोमवारी सांगत होती, आणि सांगता सांगता पोळीचा घास हातातच राहिला होता. पेडल मात्र आणलं नव्हतं. "एकाचा नॉब सैल होता," म्हणाली.

पुढच्या शनिवारी निळं पेडल फार गोड निघालं. त्याच्या पुढच्या शनिवारी लाल पेडलात सगळ्या तारांचं पीठ होत होतं. एकात घरघर, एकाचं बटण करकरणारं. दर सोमवारी नवी खोड. मला हसू यायचं. एवढी चिकित्सा लोक सोयरीक जमवतानाही करत नाहीत.

खरं तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. पेडल तिला चौथ्याच शनिवारी सापडलं होतं. वापरलेला पिवळा ओव्हरड्राइव्ह, तीन नॉबांतला एक कुठल्या तरी जुन्या रेडिओचा. बोट हलकं लागलं की आवाज नितळ, जोरात मारलं की कडेनं फाटत जायचा, आणि कुठं फाटेल ते तिच्या हातात होतं. तिनं तो शांतपणे इतर पेट्यांच्या मागे सारून ठेवला. घेतला तर यायचं कारण संपलं असतं.

दुकानदारालाही उमगलं होतं. सातव्या शनिवारी तो म्हणाला, "ताई, तुम्हाला पिवळा आवडलाय."

"अजून बघते."

"बघा की. घाई कुणाला आहे? मी पाचला चहा मागवतो, तुमचाही सांगतो."

असे अकरा शनिवार गेले. बाराव्या शनिवारी चारला भाऊ आला तो हातात खोका घेऊन.

"हे घे!" तो कुजबुजला. त्या घरात आनंदही कुजबुजूनच करावा लागतो. "चार नॉबचं. दुकानदार म्हणाला, नवीन आलंय. संपली बघ तुझी वणवण!"

तिनं खोका उघडला. आत काळं डिस्टॉर्शन. तिच्या पायांत चपला होत्या, खांद्याला पिशवी होती.

"छान आहे," ती म्हणाली.

"मग मी निघू? आता तुला जायचंच नाहीये." आणि पाच मिनिटांत तो गेलासुद्धा. तिनं पिशवी खुंटीला लावली, चपला काढल्या आणि बाबांच्या उशाशी जाऊन बसली.

त्या सोमवारी ती जेवलीच नाही. पेडल कसं आहे विचारलं तर म्हणाली, "ओरडतं. मी काहीही केलं तरी तेवढंच ओरडतं." शिवाय घरी दोन्ही कानांवर हेडफोन लावता येत नव्हते. बाबांना काही हवं असलं तर ते पलंगाच्या लाकडावर बोटानं टकटक करतात, घंटा त्यांना चालत नाही. ती टकटक ऐकू यायला हवी, म्हणून एक कान उघडा. अर्ध्या डोक्यात गोंगाट आणि अर्धं डोकं पहाऱ्यावर.

मी एक शहाणपण सुचवलं. "अगं, तुझी तपासणीची खोली आहे की. आवाज बाहेर येत नाही, दीडनंतर पेशंट नसतात." बुधवारी तिनं गिटार चादरीत गुंडाळून आणली, अ‍ॅम्प पिशवीत. मी बाहेर राखण करत उभी राहिले. दहा मिनिटांत दार उघडलं. चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं?"

"भिंती गिळतात गं. तारेवरून निघाला की मेला. काहीच परत येत नाही." चादर आवळत ती म्हणाली, "आत मी पेशंट होते."

पुन्हा तिनं तो प्रयत्न केला नाही. मीही पुन्हा काही सुचवलं नाही.

दोन महिने गेले. शनिवारी दुपारी ती कपड्यांच्या घड्या करायची, मग पुन्हा उलगडून पुन्हा घडी करायची. मग एका रविवारी भाऊ बाबांची औषधं द्यायला आला, तेव्हा बाबांचा डोळा लागल्यावर ती त्याच्याबरोबर खाली उतरली आणि त्याच्या शिकवणीच्या गाडीत बसली. दोघांनी काचा वर केल्या.

"दादा, मला ते पेडल नको होतं."

"नको? मग बदलून आणतो ना."

"कुठलंच नको होतं. मला शनिवार हवे होते."

त्यानं गाडीला किल्ली लावली आणि पुन्हा काढली. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"म्हणूनच आणलं." त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "मला वर बसवत नाही गं. ते डोळे मिटून पडलेले असतात. मी भिंतीकडे बघतो. घड्याळही नाही. लहानपणी त्यांनी हाक मारली की मी असेन तिथून पळत यायचो, आणि आता त्यांचे नुसते ओठ हलतात. शेवटच्या दिवशी सरळ दुकानात गेलो, म्हटलं काहीही द्या, आत्ता द्या."

"तुझे अकरा शनिवार झाले," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "माझी नऊ वर्षं झाली, दादा! नऊ! तू भिंत बघितलीस तर गुदमरलास, मी त्या भिंतीत राहते!" नंतर ती कितीतरी वेळ बोलत होती. कधी न फिरकणारी वहिनी, स्वतःचा सुटलेला बँड, मोडलेली स्थळं, उशीतल्या शिंका, सगळं बाहेर आलं. रस्त्यावरची माणसं गाडीत डोकावून जात होती. त्यानं एकदाही तिला थांबवलं नाही. ती थांबल्यावर म्हणाला, "महिन्यातून एक शनिवार."

"दोन."

"एक. दोन म्हणालो तर ते खोटं होईल. मला तेवढंच झेपेल."

ती वाद घालत बसली नाही. एक घेतला.

पहिल्या शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. ती जवळजवळ पळतच होती. काळं पेडल काउंटरवर ठेवून म्हणाली, "हे परत घ्या आणि तो पिवळा द्या."

दुकानदारानं कान पुढं केला, मग डोकं खाजवलं. "ताई, पिवळा गेला हो. दोन आठवडे झाले. तुम्ही यायचं बंद केलंत, मला वाटलं दुसरीकडे घेतलंत."

ती शेल्फासमोर उभी राहून एकेका पेटीवर नुसतं बोट ठेवत गेली. मग दहा मिनिटांत तिनं एक निवडलं, नवं, राखाडी, सगळ्यात स्वस्त ओव्हरड्राइव्ह. पिवळ्याइतकं चांगलं नव्हतं, हे तिनं स्वतःच सांगितलं. "हळू वाजवलं की जरा बुजतं. पण ऐकतं माझं." त्यानंतर तिनं तासभर वाजवलं. मला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही. मी स्टुलावर बसून चहा प्यायले आणि तिचा चेहरा बघितला. बावीस वर्षांत तो चेहरा मी पाहिला नव्हता. साडेपाचला तिनं स्वतःच गिटार खाली ठेवली, कारण बस चुकली असती.

मी तिला घरापर्यंत सोडलं. भाऊ दारातच बूट घालून तयार होता. बाबा जागे होते.

"काय वाजवलंस?" त्यांनी ओठांतल्या ओठांत विचारलं.

"काही नाही, बाबा. नुसती आरडाओरड."

"मोठ्यानं?"

"खूप मोठ्यानं."

म्हातारा उशीवर जरा वर सरकला. "भाव चढला पाहिजे," तो म्हणाला आणि डोळे मिटून हसला.

या गोष्टीला आता दीड वर्ष होऊन गेलं. बाबा आहेत तसे आहेत. भावानं तीनदा दांडी मारली, पण तीनदाच. परवा मी तिला विचारलं, आता जरा बरं वाटतं का? ती भाजीचा रस पोळीनं पुसून घेत होती.

"महिन्यातून दोन तास वाटतं," ती म्हणाली. "बाकीचे दिवस पूर्वीपेक्षा जड जातात. पूर्वी मला माहीत नव्हतं ना, काय नाहीये ते."

"मग सोडून द्यावंसं वाटतं?"

"छे!" तिनं इतक्या मोठ्यानं म्हटलं की पलीकडच्या टेबलावरच्या नर्सनं वळून बघितलं. मग आम्ही डबे धुवायला गेलो.